दर अडीचशे मिलीलिटरमागे

थंडर बेमध्ये नोव्हेंबरात साडेचारलाच दिवे लावावे लागतात.
रेयो कुओस्माने भिंग शोधतो.
चष्मा आहे, तरी भिंग,
कारण डब्यावरची अक्षरं
मुंगीनं शाईत पाय बुडवून चालावं तशी.
अर्धी इंग्रजी, अर्धी फ्रेंच.
त्याची आई ज्या भाषेत जेवायला हाक मारायची
ती कुठल्याच बाजूला नाही.

नात ब्रेना महिन्याला सहा डबे ठेवून जाते.
मसूर, टोमॅटो, केल नावाचा कुठलासा पाला.
"शंभर टक्के वनस्पतीजन्य, आजोबा."
तो म्हणतो, गवतही असतं.

फ्रीजवर नर्स मीकिसनं कागद चिकटवलाय:
सोडियम, दिवसाला पंधराशे.
मिलिग्रॅम म्हणजे किती, हे तिनं तोंडी सांगितलं,
चिमटीत नुसती हवा धरून.

तो वाचत जातो.
कॅलरी एकशे पन्नास. ठीक.
चरबी दोन ग्रॅम.
एवढी तर हेल्वीच्या डावालाच चिकटून राहायची.
तंतू सहा, प्रथिनं नऊ,
लोह चौदा टक्के.

लोह?

चौतीस वर्षं काढली त्यानं
सरोवराकाठच्या धान्याच्या कोठारात.
सस्कॅचेवानहून मालगाड्या यायच्या,
वाघिणीचं दार उघडलं की
वाटाणा, मसूर असे कोसळायचे
की रात्री उशीवरही कानात तेच कोसळत राहायचं.
धूळ भुवयांत, धूळ खोकल्यात,
हेल्वी त्याला दारातच उभा करून टोपी झटकायची.
किती जहाजं भरली, त्याला विचारा, सांगेल.
त्यात लोह होतं म्हणून कुणी बोललं नाही.
सगळे वजन विचारायचे.

सोडियम सहाशे पन्नास.
वा. म्हणजे ब्रेडला जागा आहे,
लोणच्यातल्या हेरिंगलासुद्धा, छोट्या तुकड्याला.
तो उघडणी लावतो, अर्धा फेरा फिरवतो,
आणि भिंग, अजून हातातच असलेलं,
वरच्या ओळीवर जातं:
दर अडीचशे मिलीलिटरमागे.

डबा पाचशे चाळीसचा.

वीजबिलाच्या पाठीवर पेन्सिल चालते.
दोनचा भाग जातो, वर चाळीस उरतात.
सोडियम चौदाशे चार.
मग तो पेन्सिल खाली ठेवतो,
कारण पुढचा हिशेब पेन्सिलीचा नाही.

कुणीतरी बसून ठरवलंय हे,
एखाद्या उबदार कचेरीत, बहुतेक टोरंटोला,
की जिथे डबा उघडला जातो
तिथे टेबलाच्या पलीकडे दुसरी वाटी असते.
वरचे चाळीस पातेल्याला.
नाहीतर मांजराला.

गुरुवारी वाटाण्याचं सूप असायचं या घरात,
पिवळं, घट्ट, डुकराच्या तंगडीसकट,
वनस्पती त्यात पाहुण्यासारखी.
पातेल्यावर काही लिहिलेलं नसे.
हेल्वी मीठ तळहातावर घ्यायची,
तळहाताकडे बघायची,
आणि थोडं परत बरणीत टाकायची.
ते परत टाकलेलं किती होतं
हे नर्स मीकिसला सांगता आलं असतं
तर बरं झालं असतं.

आता अर्धवट कापलेलं झाकण
जबडा उघडावा तसं वर आलंय.
तो दोन वाट्या काढतो.
एकीत ओततो, दुसरीत ओततो,
डोळ्यांच्या रेषेत धरून पातळी जुळवतो,
जहाजाचा भार दोन्ही अंगांना सारखा असावा
या जुन्या सवयीनं.
दुसरीवर बशी झाकून फ्रीजात.
उद्या त्याच खुर्चीत जो बसेल
त्याच्या वाट्याचं.

पहिली गरम होते.
चव? मसुराची आहे, पत्र्याचीही आहे.
तो कपाटातून मोहरीची ट्यूब काढतो,
गुरुवारी काढायचे तशी,
आणि सुपावर एक लांब पिवळी रेघ ओढतो.
ट्यूबच्या मागेही काहीतरी बारीक छापलेलं आहे.
भिंग आता खिडकीत आहे, लांब.
तो उठत नाही.